मोठा टीव्ही घेताय? आधी हॉल मोजा, मग पडदा निवडा

दसरा-दिवाळी जवळ आली किंवा क्रिकेटची मोठी स्पर्धा तोंडावर आली की ओळखीपाळखीतून एकच प्रश्न येतो: "पंचावन्न इंची घ्यायचाय, कुठला घेऊ?" त्यावर मी आधी दोनच गोष्टी विचारतो. हॉलची खिडकी टीव्हीच्या कुठल्या बाजूला आहे? आणि संध्याकाळी सात ते दहा तुमच्या घरी काय लागलेलं असतं? या दोन उत्तरांत निम्मी खरेदी होऊन जाते. दुकानात मात्र हे कुणी विचारत नाही, तिथे फक्त नावं ऐकू येतात: क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी, ८के. पहिल्यांदाच मोठा टीव्ही घेणाऱ्या माणसाने या नावांना घाबरू नये आणि भुलूही नये, म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे.

आणखी एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे लेख किंवा व्हिडिओ पाहून बजेट ठरवलं असेल, तर ते पुन्हा तपासा.

पहिली पायरी: मोजपट्टी

खोक्यावर १०८, १३९, १६४, १८९ असे सेंटिमीटरचे आकडे असतात. तेच अनुक्रमे ४३, ५५, ६५ आणि ७५ इंची टीव्ही. हे माप कर्णाचं असतं, रुंदीचं नव्हे. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंमी रुंद आणि ६९ सेंमी उंच असतो; ६५ इंची १४४ बाय ८१; ७५ इंची १६६ बाय ९३.

आता सोफ्याची पाठ ते टीव्हीची भिंत हे अंतर मोजा. सिनेमा-व्हिडिओ तंत्रज्ञांचा जुना संकेत असा की पडद्याने नजरेचा किमान ३० अंशांचा कोन व्यापावा. त्याचं सोपं गणित म्हणजे कर्णाच्या १.६ पट अंतर. म्हणजे ५५ इंचीला सव्वासात फूट, ६५ इंचीला पावणेनऊ फूट, ७५ इंचीला दहा फूट. सिनेमागृहासारखा भरगच्च अनुभव हवा असेल तर १.२ पटीपर्यंत जवळ बसता येतं. आपल्याकडच्या दहा फूट रुंद हॉलमध्ये सोफा एका लांब भिंतीला आणि टीव्ही समोरच्या लांब भिंतीला असेल, तर डोळे आणि पडदा यांत आठ-साडेआठ फूट उरतात. तिथे ५५ छान बसतो, ६५ सुद्धा मोठा होत नाही. "एवढा मोठा डोळ्यांना त्रास देईल" ही भीती जुन्या, जाड रेषांच्या टीव्हीच्या काळातली आहे.

तरी मन धजावत नसेल तर वर्तमानपत्राची पानं जोडून १४४ बाय ८१ सेंमीचा आयत भिंतीवर चिकटवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. घरातल्या सगळ्यांचं मत आपोआप बाहेर येतं. जाता-येता जिन्याचं वळण आणि लिफ्टचं दारही मोजून ठेवा. पंचाहत्तरचं खोकं पावणेदोन मीटरच्या पुढे जातं, आणि मोठा टीव्ही आडवा, पाठीवर झोपवून न्यायचा नसतो. उभाच न्यावा लागतो.

दुसरी पायरी: उजेड आणि बसायच्या जागा

दुपारी चार वाजता, पडदे नेहमी असतात तसेच ठेवून, टीव्ही जिथे लागणार आहे तिथे उभं राहून खोलीकडे तोंड करा. समोर बाल्कनीचं सरकतं दार दिसतंय? मग तेच दार तुम्हाला पडद्यावर दिसणार आहे. खिडकी बाजूच्या भिंतीला असेल तर त्रास कमी. समोरासमोर असेल तर एक तर जाड पडदा लावा किंवा भरपूर प्रखर टीव्ही घ्या. ट्यूबलाइटही बघा. टीव्हीच्या समोरच्या भिंतीवर ट्यूब असेल तर काळ्या दृश्यांवर पांढरी पट्टी कायम उमटते. हा दोष कुठलंही तंत्रज्ञान पूर्ण झाकत नाही. ट्यूबची जागा बदलणं त्यामानाने स्वस्तात होतं.

मग बसायच्या जागा. आपल्या घरात टीव्ही बरोबर मध्यावरून एकटा माणूस बघत नाही. आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत, मुलं खाली सतरंजीवर, कुणी जेवणाच्या टेबलावरून तिरकं बघतंय. बाजूने बघणारे जास्त असतील तर ते लिहून ठेवा, कारण पुढच्या पायरीत याचा थेट संबंध येतो.

तिसरी पायरी: पडद्यामागे काय आहे

बाजारात नावं वीस असली तरी पडदे मुळात दोनच जातींचे आहेत. एका जातीत मागे दिवा असतो. दुसऱ्या जातीत चित्राचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) स्वतःच दिवा असतो. प्लाझ्मा ही तिसरी जात २०१४ च्या सुमारास बाजारातून गेलीच.

पहिली जात एलसीडी. दुकानात जो "एलईडी टीव्ही" म्हणून मिळतो तो एलसीडीच असतो. एलईडी फक्त मागच्या दिव्यांचं नाव. दिवे पाठीमागून उजेड टाकतात आणि पुढचे द्रवस्फटिक खिडकीच्या पट्ट्यांसारखे वळून उजेड अडवतात किंवा सोडतात. या पट्ट्या कधीच पूर्ण मिटत नाहीत, थोडा उजेड झिरपतोच. म्हणून अंधाऱ्या खोलीत स्वस्त टीव्हीवरची रात्र काळी दिसत नाही, करडी दिसते.

झिरपणारा उजेड किती, हे पॅनेलवर, म्हणजे या द्रवस्फटिकांच्या थराच्या प्रकारावर ठरतं. व्हीए आणि आयपीएस हे त्याचे दोन प्रकार. व्हीए पॅनेलमध्ये पांढरं आणि काळं यांचं प्रमाण तीन-चार हजारांस एक असतं, आयपीएसमध्ये साधारण हजारास एक. म्हणजे व्हीएवर काळं जास्त काळं. पण व्हीए बाजूने बघितलं की रंग फिके पडतात; आयपीएस कोनातून बरंच टिकून राहतं. आजोबांची खुर्ची कडेला असलेल्या, दिवे चालू ठेवून टीव्ही बघणाऱ्या घराला आयपीएस चालून जातं. दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्यांनी मात्र व्हीएच घ्यावं.

उजेड झिरपण्यावरचा उपाय म्हणजे मागचे दिवे गटागटाने मंद करणं, म्हणजेच लोकल डिमिंग. साध्या टीव्हीत ते नसतंच. मिनी एलईडीमध्ये दिवे अगदी बारीक आणि हजारोंनी असतात, त्यांचे शेकडो आणि महागड्या टीव्हीत हजारांवर गट पाडलेले असतात. चित्रात जिथे अंधार आहे तिथला गट मंद होतो. फरक फार मोठा पडतो. तरी एक गट म्हणजे हजारो ठिपके, त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल्स आली की अक्षरांभोवती धुरकट वलय दिसू शकतं. गट जितके जास्त तितकं वलय कमी. म्हणून मिनी एलईडी घेताना नुसतं नाव पाहू नका, झोन, म्हणजे हे गट, किती ते विचारा. विक्रेत्याला माहीत नसेल तर त्या मॉडेलच्या चाचण्या शोधा.

क्यूएलईडी हे नाव सर्वांत जास्त फसवतं. क्यू म्हणजे क्वांटम डॉट: अब्जांश मीटरच्या मापातले कण, जे दिव्याचा निळा उजेड घेऊन शुद्ध लाल आणि हिरवा उजेड देतात. विज्ञान खणखणीत आहे. या कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना मिळालं. पण हे कण रंग सुधारतात, काळेपणा नाही. लोकल डिमिंग नसलेला क्यूएलईडी म्हणजे छान रंगांचा साधा एलसीडी. मिनी एलईडी आणि क्वांटम डॉट दोन्ही एकत्र असतील तर मात्र उजेडी हॉलसाठी आज त्यासारखं दुसरं काही नाही.

दुसरी जात ओएलईडी. इथे मागे दिवा नाही. सेंद्रिय पदार्थाच्या थरातून वीज गेली की ठिपका स्वतः उजळतो आणि काळं दाखवायचं तर सरळ विझतो. १९८७ मध्ये कोडॅकच्या प्रयोगशाळेत चिंग टांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी या तंत्राचा पाया घातला. ५५ इंची टीव्ही म्हणून ते २०१३ मध्ये दुकानात आलं. अंधाऱ्या खोलीत ओएलईडीवर रात्रीचा प्रसंग बघणं हा खरोखर वेगळा अनुभव आहे. वलय नाही, कडेने बघितलं तरी रंग जवळपास जसेच्या तसे. २०२२ पासून त्यात क्यूडी-ओएलईडी हा प्रकारही आला. त्याचे प्रखर रंग जास्त गडद आणि भरीव दिसतात, मात्र खोलीत उजेड असला की त्याचं काळं थोडं करडं वाटतं.

ओएलईडीचा खरा प्रश्न आपल्या सवयींशी आहे. सेंद्रिय ठिपके वापराने झिजतात. पडद्याच्या एकाच जागी तेच तेजस्वी चित्र महिनोन्‌महिने राहिलं तर तिथले ठिपके जास्त झिजून त्याची छाया उरते. बातम्यांचे चॅनेल आठवा: कोपऱ्यात लोगो, खाली लाल पट्टी, त्याखाली धावती ओळ. सकाळी उठल्यापासून जेवणापर्यंत बातम्या लागलेल्या असतात अशा घराला मी ओएलईडी घ्या म्हणणार नाही. मालिका, सिनेमे, मॅच, असं मिसळून बघणाऱ्या घरात ही भीती बाळगायचं कारण नाही.

दुसरी सवय म्हणजे झोपताना भिंतीवरचं बटण बंद करण्याची. काटकसर म्हणून ती चांगलीच, पण ओएलईडी टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये ठिपक्यांची झीज समतोल करण्याचं काम आपलं आपण करतो. काही तासांच्या वापरानंतर हे काम होणं गरजेचं असतं. रोज रात्री मागचा पुरवठाच तोडला तर ते कधीच पूर्ण होत नाही. ओएलईडी घेतलात तर भिंतीवरचं बटण चालू राहू द्या आणि हे घरातल्या ज्येष्ठांना नीट समजावून सांगा.

तेव्हा निवड अशी करा. दिवसा उजेडात, बातम्या आणि क्रिकेट जास्त: मिनी एलईडी. रात्री दिवे मंद करून सिनेमे आणि वेबमालिका: ओएलईडी. बजेट आखडतं असेल तर चांगल्या व्हीए पॅनेलचा साधा ४के टीव्ही घ्या आणि उरलेले पैसे आवाजासाठी ठेवा. ओएलईडीच्या ५५ इंचीच्या किमतीत बऱ्याचदा मिनी एलईडीचा ६५ इंची येतो, हेही ध्यानात असू द्या. मायक्रो एलईडी (यात प्रत्येक ठिपका म्हणजे एक सूक्ष्म एलईडी) आणि शंभर इंचांच्या पुढचे टीव्ही आज सर्वसामान्य घराच्या आवाक्यातले नाहीत.

चौथी पायरी: टीव्हीला खायला काय घालणार

४के पडद्यावर ३८४० बाय २१६०, म्हणजे जवळपास ८३ लाख ठिपके असतात. सेट टॉप बॉक्सवर एसडी पॅक असेल तर त्यातून येणारं चित्र ७२० बाय ५७६ चं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आसपास ठिपक्यांचं. उरलेले टीव्ही अंदाजाने भरतो. नवा टीव्ही लागला आणि घरातले म्हणाले "जुन्यावर जास्त चांगलं दिसायचं", तर दहापैकी नऊ वेळा कारण हेच असतं. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांचे एचडी चॅनेल आहेत. पॅक बदला, आणि बॉक्स जुन्या तीन रंगांच्या पिनांनी जोडलेला असेल तर एचडीएमआय केबलने जोडा. नेटफ्लिक्सवर ४के बघायला वरचा प्रीमियम प्लॅन आणि सलग १५ एमबीपीएस वेग लागतो. राउटर आतल्या खोलीत असेल तर टीव्हीपर्यंत लॅन केबल ओढणं सर्वांत खात्रीचं.

८केचं काय? साधं गणित करू. ६५ इंची ४के पडद्यावर एक ठिपका पाऊण मिलिमीटरच्याही निम्मा असतो. निरोगी डोळ्याला तो सव्वाचार फुटांपलीकडून वेगळा ओळखता येत नाही. आपण बसतो आठ-नऊ फुटांवर. तिथून ४केचाच बारकावा पुरता उमगत नाही, मग त्याच्या चौपट ठिपक्यांना पैसे कशासाठी द्यायचे? तेच पैसे काळेपणा आणि प्रखरतेवर घालवले तर फरक घरातल्या लहान मुलालाही दिसतो.

पाचवी पायरी: माहितीपत्रकातले आकडे

एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं तंत्र. त्याचा शिक्का आता स्वस्त टीव्हीवरही असतो. त्याचा अर्थ टीव्हीला तो सिग्नल समजतो, एवढाच. एचडीआर चित्रपट बहुधा १,००० निट्स (प्रखरतेचं एकक) किंवा त्याहून जास्त प्रखरता धरून तयार केलेले असतात. २५०-३०० निट्सचा पडदा तो उजेड दाखवणार कुठून? ६००-७०० निट्सच्या खाली एचडीआरसाठी वेगळे पैसे देऊ नका. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे एचडीआरचेच दोन वेगळे प्रकार आहेत. सॅमसंग आपल्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन देत नाही, काही कंपन्या दोन्ही देतात. निव्वळ यावरून टीव्ही निवडू वा नाकारू नये.

रिफ्रेश रेट म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो. खरे आकडे ६० आणि १२० हर्ट्‌झ (गेमिंगच्या काही टीव्हीत १४४ किंवा त्याहून जास्त). "मोशन रेट २४०" वगैरे शब्द दिसले तर ते जाहिरातीचं गणित समजा आणि "नेटिव्ह किती?" असं विचारा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचे असतात. २४ ने ६० ला भाग जात नाही, १२० ला पाच पट नेमका जातो. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा ६० च्या पडद्यावर जो बारीक हिसका जाणवतो तो यामुळे.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सीरिज एक्स असेल तर एचडीएमआय २.१ चे पोर्ट नेमके किती, ते मोजा. बऱ्याच टीव्हीत चारपैकी दोनच असतात, आणि त्यातला एक ई-आर्कचाही, म्हणजे साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) आवाज पाठवणारा असतो. म्हणजे साउंडबार लावला की गेमसाठी एकच उरला. हे घरी आल्यावर कळलं की फार जीवाला लागतं.

आवाजाबद्दल स्पष्टच सांगतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, त्यातून पार्श्वसंगीत येतं आणि संवाद हरवतात. मधला स्वतंत्र स्पीकर असलेला साधा साउंडबारसुद्धा घरातल्या ज्येष्ठांना चित्रापेक्षा जास्त समाधान देतो.

वीज वापरासाठी तारांकित लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. दोन मॉडेलांची तुलना करताना तारे बघू नका, युनिट बघा.

सहावी पायरी: दुकानात

दुकानातले टीव्ही भगभगीत व्हिव्हिड मोडवर, प्रखर दिव्यांखाली असतात आणि त्यांवर कंपनीचेच फुलापाखरांचे व्हिडिओ चालू असतात. अशा तुलनेतून काहीच कळत नाही. पेन ड्राइव्हवर तीन गोष्टी घेऊन जा: एक अंधारा प्रसंग, क्रिकेटचा एक तुकडा, आणि संपूर्ण पडदाभर करड्या रंगाचं एक चित्र. विक्रेत्याला सांगून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावून घ्या.

करडं चित्र लावलं की चार पावलं मागे या. पडदा एकसारखा दिसायला हवा. मध्यभागी मळकट डाग, उभे पट्टे किंवा कडांना काळपटपणा दिसला, तर तोच डाग पुढे क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर चेंडूच्या मागे मागे फिरताना दिसणार. मग अंधारा प्रसंग लावा आणि बाजूला, आजोबांच्या खुर्चीइतक्या कोनात जाऊन बघा. शेवटी रिमोट हातात घ्या आणि सेटिंगच्या यादीत वर-खाली जा. मेन्यू अडखळत असेल तर दोन वर्षांनी तो रडवणार आहे.

वॉरंटीत पॅनेलचा शब्द वेगळा वाचा. पॅनेल गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो. तुमच्या गावात किंवा तालुक्याला त्या कंपनीचं सेवाकेंद्र आहे का, हे फोन करून आधीच विचारा. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वस्तात मिळालेला टीव्ही घरी येऊन दुरुस्त करणारं कुणी नसेल तर तो स्वस्त नाही.

सातवी पायरी: घरी आल्यावर

ऑनलाइन मागवला असेल तर खोकं कंपनीचा माणूस आल्यावरच उघडा आणि उघडताना मोबाइलवर सलग चित्रीकरण करा. तो असेपर्यंत टीव्ही चालू करून करडं, पांढरं आणि काळं चित्र लावून बघा.

बसल्यावर डोळ्यांची पातळी जमिनीपासून साडेतीन फुटांच्या आसपास येते. पडद्याचा मध्य तिथेच हवा. ६५ इंचीची खालची कड म्हणजे जमिनीपासून साधारण सव्वादोन फुटांवर. आपल्याकडे टीव्ही फार उंच लावतात, आणि मग मान दुखते, व्हीए पॅनेलचे रंगही खालून फिके दिसतात. नव्या इमारतींच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. त्यांत साधा प्लास्टिकचा रॉल प्लग धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर आणायला सांगा. टेबलावर ठेवणार असाल तर आधी दोन पायांमधलं अंतर बघा, आणि घरात लहान मूल असेल तर टीव्ही पट्ट्याने भिंतीला बांधाच.

सेटिंगमध्ये चारच कामं करा. पिक्चर मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. रंगछटा वॉर्म. शार्पनेस जवळजवळ शून्याकडे. आणि चित्र गुळगुळीत करणारा मोशनचा पर्याय सिनेमासाठी बंद. क्रिकेटला थोडा चालतो. पहिले दोन दिवस सगळं पिवळट वाटेल, कारण डोळ्यांना दुकानातल्या निळसर पांढऱ्याची सवय झालेली असते. आठवडाभर हात लावू नका.

टीव्हीला स्टॅबिलायझर सहसा लागत नाही, आतला पुरवठा मोठा चढउतार सोसतो. विजेच्या झटक्याचं संरक्षण देणारा चांगला स्पाइक गार्ड मात्र लावा, आणि घरात अर्थिंग आहे ना ते वायरमनकडून तपासून घ्या. वळवाच्या पावसाची चिन्हं दिसली की विजा चमकायच्या आधीच प्लग काढा, सोबत छतावरून येणारी डिशची केबल बॉक्समधून आणि लॅनची वायर टीव्हीतून सोडवा. वीज याही दोन वाटांनी आत येऊ शकते, आणि बॉक्समधून एचडीएमआयने किंवा लॅनमधून थेट टीव्हीच्या बोर्डापर्यंत पोचते.